शब्दांची विचारपूस : ‘दलित’ म्हणजे काय?

माझी नववीतली मुलगी विचारते, ‘दलित’ ही शिवी आहे की जातीचं नाव? – एक आई, ऐरोली

दोन्ही नाही. संस्कृतात ‘दल्’ म्हणजे फुटणे, चिरणे. आपलं दळण आणि डाळ त्याच घरातले. मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश उघडलात तर ‘दलित’ म्हणजे दळलेले, फोडलेले, तुकडे केलेले एवढंच सापडेल. जातीचा उल्लेख नाही. माणसांसाठी तो रूढ झाला विसाव्या शतकात, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली तेव्हा तरुणांनी तो ताठ मानेनं मिरवला. ‘अस्पृश्य’ या शब्दात सगळा दोष त्या माणसाच्या अंगाला चिकटवलेला असतो. ‘दलित’ ऐकल्यावर मात्र दळलं कोणी, हे विचारावंच लागतं. मला हा शब्द त्यासाठी मोलाचा वाटतो. मुलीला जात्याचं उदाहरण देऊन सांगा, तिला नक्की कळेल.

‘अवर्ण’ आणि ‘अतिशूद्र’ एकच का? – एक वाचक, कळवा

रोख एकाच समाजाकडे, अस्पृश्य ठरवलेल्या माणसांकडे. अवर्ण म्हणजे चार वर्णांबाहेरचा. दक्षिणेत ‘पंचम’ही म्हणत. जोतीराव फुले ‘शूद्रातिशूद्र’ असा जोडशब्द वापरत, कारण त्यांना शूद्र आणि अतिशूद्र या दोघांची फळी एक करायची होती.

‘पारिया’ हा शब्द इंग्रजीच ना? – एक विद्यार्थी, वाशी

मूळ तमिळ. ‘परै’ म्हणजे ढोल, त्यावरून परैयर हे जातीचं नाव, अशी व्युत्पत्ती सांगतात. युरोपीय भाषांनी त्या नावाचा अर्थच ‘वाळीत टाकलेला’ करून टाकला. जिवंत माणसांच्या जातीचं नाव असं वापरणं मला पटत नाही. मी ‘बहिष्कृत’ लिहितो.

सोसायटीच्या जयंतीच्या पत्रिकेत ‘हरिजन’ छापलं गेलं. दोन कुटुंबं दुखावली. आमचा हेतू चांगला होता. – सचिव, घोडबंदर रोड

हेतूवर शंका नाही. गांधीजींनी हा शब्द आपुलकीनंच रुजवला, १९३३ साली त्याच नावाचं साप्ताहिक काढलं. पण ज्यांच्यासाठी तो होता त्यांना विचारलं नव्हतं. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत याच शब्दावरून सहकाऱ्यांसह सभात्याग केला. पुढे १९८२ मध्ये केंद्र सरकारनंही तो वापरू नका असं कळवलं. सरकारी कागदावर १९३५च्या कायद्यातून आलेला ‘अनुसूचित जाती’ हा शब्द चालतो. जयंतीच्या पत्रिकेत मुळात जातीचा उल्लेख कशाला हवा? नवी पत्रिका छापा आणि पहिल्या दोन प्रती त्या दोन घरी स्वतः नेऊन द्या.