सासऱ्यांच्या चिनी बरण्या अमेरिकेला नेता येतील का?

प्रश्न : सासरे गेल्या वर्षी वारले. चोरबाजारातून आणि जुन्या पारशी घरांतल्या लिलावांतून त्यांनी चिनी मातीच्या बरण्या, वाडगे, एक झिलईदार घोडा असं बरंच जमवलं होतं. मृत्युपत्र नाही. न्यू जर्सीचे दीर दिवाळीला येऊन दोन निळ्या-पांढऱ्या बरण्या साड्यांत गुंडाळून नेणार आहेत. ‘वस्तू चीनची, भारत सरकारचा काय संबंध?’ असं ते म्हणतात. बाकीचं विकून टाकू, असं आमच्या ह्यांचं मत. बरण्यांच्या बुडाशी मिंग बादशहाचा शिक्का आहे.

उत्तर : ताई, दीरांना म्हणावं, साड्या कपाटातच राहू द्या. १९७२ चा पुरावस्तू कायदा वस्तू कुठे घडली हे विचारत नाही, तिचं वय विचारतो. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू, मग ती पैठणची असो की चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या चीनमधल्या जिंगदेझेनची. ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या संस्थेला आहे. खाजगी माणसाला शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आणि वर दंड. शिवाय कस्टम्स माल जप्त करतं ते वेगळंच. ‘घरचीच वस्तू आहे’ हा बचाव तिथे चालत नाही.

आता शिक्क्याचं. तुमच्या फोटोतली सहा अक्षरं मिंग घराण्यातल्या छंगह्वा बादशहाच्या (१४६५–१४८७) नावाची दिसतात. पण नंतरच्या कांगशी बादशहाच्या राजवटीत (१६६२–१७२२) आणि पुढे एकोणिसाव्या शतकातही हा शिक्का सर्रास मारला जाई. तेव्हा शिक्क्यावरून वय ठरवू नका. बुडाशी रोमन लिपीत ‘चायना’ असेल, तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव तेव्हा सक्तीचं केलं. तरीही ती शंभरीपलीकडची असू शकतेच. आणि ही शंभरी दरवर्षी पुढे सरकते : आज सुटणारी बरणी चार वर्षांनी अडकू शकते.

वस्तू पुरावस्तू आहे की नाही, याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी करतो. त्यांच्या कार्यालयात फोटो, मापं देऊन अर्ज करा. ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळाला तरच बरणी विमानात चढेल. न मिळाल्यास ती भारतातच राहणार. दिवाळीच्या तोंडावर अर्ज करून घाई करू नका.

काही पुरावस्तूंची सरकारकडे नोंदणी करावी लागते. त्या यादीत शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं आहेत. बरण्या-वाडगे नाहीत. घोडा मात्र भाजल्या मातीचं शिल्प ठरू शकतो. त्याच्याबद्दल त्याच अर्जात विचारून घ्या.

विक्रीआधी वाटणी. मृत्युपत्र नसल्याने सासूबाई, मुलगे आणि मुली यांचा सारखा वाटा. पत्रात नणंदेचा शब्दही नाही. ती असेल, तर तिच्या सहीशिवाय एक वाडगाही हलवू नका. प्रत्येक वस्तूचं माप, तडे, झिलईवरचे डाग लिहून यादी करा आणि सगळ्यांच्या सह्यांनी वाटणीपत्र करून घ्या. त्यानंतर देशात विकायला घरच्यांना परवाना लागत नाही, तो पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला लागतो. म्हणून व्यापाऱ्याचा परवाना डोळ्यांनी पाहा. मिंग म्हणून विकायची असेल, तर तसं लिहून देण्याआधी जाणकाराचं लेखी मत घ्या. उद्या घेणाऱ्याने फसवणुकीचा दावा ठोकला, तर कोर्टात उभं तुम्हालाच राहावं लागेल.