निर्गुडीच्या पानांचे अँटिऑक्सिडंट आणि सूजविरोधी गुण कॉलेजच्या लॅबमध्ये कसे तपासावेत?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आणि फक्त स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) हाताशी असताना, असं तुम्ही विचारलंय. त्यावर दोन्ही चाचण्या होतात. पण पहिलीचा निकाल जेवढा भरवशाचा, तेवढा दुसरीचा नाही.

पानं तोडताना फुलोऱ्याची फांदीही घ्या आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडून किंवा तुमच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळख प्रमाणित करून घ्या. पानं सावलीत वाळवा, उन्हात नको. १० ग्रॅम भुकटी १०० मिलि ७० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास शेकरवर ठेवा, गाळा आणि ४५ अंशांच्या आत आटवा. उरलेला अर्क नीट वजन करून गडद बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा.

अँटिऑक्सिडंटसाठी डीपीपीएच, म्हणजे अँटिऑक्सिडंट भेटलं की फिकं होणारं जांभळं रसायन. ०.१ मिलिमोलर द्रावणासाठी १०० मिलिला जेमतेम ४ मिलिग्रॅम लागतं आणि साध्या तराजूवर तिथेच चूक होते. त्यापेक्षा १९.७ मिलिग्रॅम ५० मिलि मिथेनॉलमध्ये विरघळवा आणि दहापट पातळ करा. हे त्याच दिवशी करायचं, बाटलीला फॉइल गुंडाळून. ३ मिलि डीपीपीएचमध्ये १ मिलि अर्क घाला, अर्धा तास अंधारात ठेवा, मग ५१७ नॅनोमीटरला वाचन घ्या. अर्काऐवजी मिथेनॉल घातलेल्या कंट्रोलचं वाचन ०.८ च्या आसपास यायला हवं. फारच कमी आलं तर डीपीपीएच जुनं झालंय किंवा वजन चुकलंय.

पानांचा अर्क मुळातच हिरवा असतो, म्हणून प्रत्येक तीव्रतेला डीपीपीएच न घातलेला वेगळा ब्लँक लावून ते वाचन वजा करा. नाहीतर जास्त तीव्रतेला आलेख उगाच खाली वाकतो. आणखी एक, १ मिलि अर्क ४ मिलित गेला की तीव्रता एक चतुर्थांश होते. आयसी-५० (निम्मं डीपीपीएच विझवणारी तीव्रता) त्या अंतिम तीव्रतेवरच काढा आणि तसं रिपोर्टमध्ये लिहा.

चाचणी जमली का, हे ॲस्कॉर्बिक आम्ल सांगतं. त्याचा एक रेणू डीपीपीएचचे साधारण दोन रेणू विझवतो. त्या हिशेबाने या प्रमाणात त्याचा आयसी-५० मिलिलिटरला ३ ते ४ मायक्रोग्रॅम यायला हवा. तो ३०-४० आला, तर निर्गुडीच्या आकड्यांवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

सूजेसाठी अंड्यातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची चाचणी कॉलेजात सर्रास करतात: उष्णतेने ते बिघडणं अर्क किती रोखतो, हे बघायचं. ०.२ मिलि ताजं अंड्याचं पांढरं, २.८ मिलि फॉस्फेट बफर (पीएच ६.४), २ मिलि अर्क. ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग ७० अंशांवर ५ मिनिटं ठेवून गार करा आणि ६६० नॅनोमीटरला गढूळपणा मोजा. तुलनेसाठी प्रमाण म्हणून डायक्लोफेनॅक सोडियम हे सूजेवरचं औषध. अर्क पाण्यात विरघळत नसेल तर थोडं डीएमएसओ हे द्रावक वापरा, पण तेवढंच कंट्रोलमध्येही (अर्क नसलेल्या नळीत) घाला.

खरी गडबड सूत्रात होते. प्रथिन बिघडलं की गढूळपणा वाढतो, म्हणजे औषधी परिणाम असेल तर वाचन कमी व्हायला हवं. म्हणून कंट्रोलमधून नमुन्याचं वाचन वजा करा, कंट्रोलने भागा आणि १०० ने गुणा. अनेक लेखांत नमुन्याच्या वाचनाला कंट्रोलने भागून १ वजा केलेला दिसतो. त्या सूत्राने वाढलेला गढूळपणाच गुण ठरतो! निर्गुडीतल्या टॅनिनने (तुरट द्रव्याने) प्रथिनाचा साका झाला तरी आकडा भरघोस दिसतो. त्यामुळे अर्क अधिक बफर, अल्ब्युमिनविना, असा ब्लँकही तापवा. गरम करण्याआधीच नळी गढूळ झाली तर ती तीव्रता बाद करा.

सगळं नीट जमलं तरी ‘अर्काने अल्ब्युमिनचं उष्णतेने होणारं विकृतीकरण रोखलं’ एवढंच लिहा, ‘सूज कमी होते’ असं नको. तसं म्हणायला निदान रॉ २६४.७ या उंदराच्या प्रतिकार-पेशींमध्ये सूजेची खूण असलेलं नायट्राइट मोजावं लागतं, सोबत पेशी जिवंत आहेत ना याची एमटीटी चाचणी. नाहीतर पेशी मेल्यामुळे घटलेलं नायट्राइट तुम्ही औषधाच्या खात्यावर जमा कराल. उंदरांच्या पंजावरची कॅराजीनन चाचणी करायची तर प्राणी नीती समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते.