पीएच.डी.साठी आधी रिकामी जागा शोध

एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी झाली आणि पुढे संशोधन करायचं म्हणतेस, वाचून फार बरं वाटलं. पण पेटचा, म्हणजे पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म सुटायची वाट बघत बसू नकोस. आपल्या विद्यापीठाच्या मान्यताप्राप्त मार्गदर्शकांची यादी मिळव आणि कुणाकडे जागा रिकामी आहे ते आधी विचार. युजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकांना एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि सहायक प्राध्यापकांना ४ च विद्यार्थी घेता येतात. मी परीक्षा पास होऊन वर्षभर नुसती हेलपाटे घालत होते, कारण माझ्या विषयात सगळ्यांच्या जागा भरलेल्या!

नेट परीक्षाही दे, जून-डिसेंबर दोन्ही वेळा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, घरच्यांपुढे हात पसरावा लागत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या जाहिरातींवरही नजर ठेव.

तोवर काम हवं असेल तर सोलापूरजवळच्या केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र विसरू नकोस. प्रकल्पांवर कंत्राटी जागा निघतात, बऱ्याचदा थेट मुलाखत. मूळ गुणपत्रिका, झेरॉक्सचा एक संच आणि एम.एस्सी.चा प्रोजेक्ट एका फाईलमध्ये तयारच ठेव. डाळिंबावरचा तेल्या रोग जिवाणूंमुळेच होतो, म्हणजे तुझाच विषय. सांगोल्याच्या एखाद्या बागेत जाऊन तेलकट डाग पडलेलं, चिरलेलं फळ हातात घेऊन बघ. मुलाखतीत त्यावर बोलता आलं पाहिजे.

मार्गदर्शकांना भेटायला जाताना संशोधनाच्या विषयाचं एक पानी टिपण ने. मी वाचून देईन, आधी पाठव.