लुंग उंगची गोष्ट वर्गात सांगावी का?

ताई, लहानपणी आई-बाप गमावलेल्या आणि पुढे ते जगापुढे बोलणाऱ्या कंबोडियाच्या लुंग उंगची गोष्ट नववीच्या पोरांना सांगावी का, आणि वर्गातल्या बाप गमावलेल्या मुलाला 'तूही तिच्यासारखं बोल' म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय. गोष्ट जरूर सांगा. त्याला मात्र उभं करू नका.

१७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या फौजांनी कंबोडियाची राजधानी नॉम पेन रिकामी केली, तेव्हा लुंग पाच वर्षांची होती. वडील जुन्या सरकारच्या लष्करी पोलिसात अधिकारी, म्हणून सगळं घर गरीब मजुराचं सोंग घेऊन राहिलं. तरी ख्मेर रूजवाल्यांनी वडिलांना नेलंच. मग आईनं पोरांना वेगवेगळ्या वाटांनी पिटाळलं. कुणी विचारलं तर अनाथ आहोत म्हणा. आई जिवंत असताना! इथं माझा आवाज दरवेळी अडकतो. पुढे आई गेली, दोन बहिणी गेल्या, लुंगला बालसैनिक केलं.

१९८० मध्ये थोरला भाऊ तिला घेऊन अमेरिकेत पोचला. बहीण चौ मागेच राहिली. तिथं लुंग लगेच भाषणं करायला लागली नाही. शाळा, इंग्रजी, चारचौघींसारखं दिसायची धडपड, यात पंधरा वर्षं गेली. १९९५ ला मायदेशी उतरली ती नेमकी काळी पँट घालून, आणि नातेवाईक चपापले. ख्मेर रूजवाले काळेच कपडे घालायचे ना. नंतर ती भूसुरुंगांविरुद्धच्या मोहिमेची प्रवक्ती झाली. वावरात साप निघेल म्हणून आपण पाय जपून टाकतो. तिथं लढाई संपून कैक वर्षं झाली तरी नांगरणाऱ्याचा पाय उडायचा. कापूस वेचणाऱ्या घरातल्या पोरांना हे फोड करून सांगावं लागत नाही.

आमच्या तालुक्यात एका कार्यक्रमात, बापानं आत्महत्या केलेल्या पोराला माईक दिला होता. टाळ्या पडल्या, मदतीचं पाकीट मिळालं, फोटो निघाले. सोमवारपासून पोरगा शाळेत यायचा बंद. त्याला परत आणायला मला चार महिने घरी खेटे घालावे लागले. विषय मी काढलाच नाही, फक्त झाडांना पाणी घालायचं काम दिलं. दहावीच्या परीक्षेनंतर एकदा नळापाशी हात धुता धुता आपणहून म्हणाला, "सर, त्या दिवशी बापानं मला वावरातून लवकर घरी पाठवलं होतं." एवढंच. मी नळ बंद केला नाही.

आणि शनिवारी शेवटच्या तासाला ही गोष्ट घेऊ नका. पोरं तेच डोक्यात घेऊन घरी जातात.