मे महिन्यात मुलांना घेऊन खानदेशात पंधरा दिवस? या, फक्त दुपार सोडून द्या

तुम्ही विचारलंय: बायकोचं माहेर अमळनेरकडचं, यंदा आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पंधरा दिवस चला म्हणते. मुलं सात आणि अकरा वर्षांची, पुण्यात वाढलेली. ४५ अंशांत ती तिथे करणार काय, आणि चौथ्या दिवशी परत आणावीत का?

चौथ्या दिवशी आणलीत तर त्यांनी नुसतं ऊन बघितलं असं होईल. पहिले तीन-चार दिवस अंगाला ते ऊन पटायलाच लागतात. मजा त्यानंतर सुरू होते.

मी त्याच तालुक्यातला. सल्ल्यापेक्षा आमच्या घरचा २०२४चा उन्हाळाच सांगतो. त्या महिन्यात घरात चौदा माणसं होती. न्हाणीघर एक आणि नळाला पाणी पाचव्या दिवशी.

त्या वर्षी आखाजी १० मेला होती. आमच्याकडे या सणाला दिवाळीपेक्षा मान, कारण लेकी माहेरी येतात. आता गंमत बघा. घरच्या लेकी आमच्याकडे आल्या आणि घरची सून, म्हणजे माझी बायको, तिच्या माहेरी शिरपूरला गेली. दोन्ही बहिणी, त्यांची चार मुलं, आत्या, आत्याची सून. दाजी लोक मागून आले. माझी नव्वदीतली आजी, जिला सगळे जिजी म्हणतात, दारातच बाजेवर बसून एकेकाची हजेरी घेत होती. ठाण्याहून आलेल्या माझ्या अकरा वर्षांच्या भाचीच्या दंडाला धरून म्हणाली, "इतली बारीक कशी व्हई गयी व माय?" भाचीला त्यातलं फक्त 'बारीक' कळलं आणि ती खूश झाली.

आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर खरबूज, आंबे, सांजोऱ्या. पितरांना दाखवल्याशिवाय आंबा तोंडात घालायचा नाही, त्यामुळे मुलं आदल्या दिवसापर्यंत अढीभोवती मांजरासारखी फिरत असतात. निंबाला झोके, बायकांची गाणी. पुरुषांना त्या दिवशी पत्ते खेळायची गावभर सूट असते. तुम्ही जावई आहात, त्यामुळे तुमचं मुख्य काम खाण्याचं, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी. आत्या ती पोळपाटावर लाटत नाही, दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूवर झेलत कोपरापर्यंत वाढवते आणि चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद टाकते. एका मांड्यात माणूस झोपतो. ताटात रस, कटाची आमटी, कुरडया आल्या की दुपारी काय करायचं हा प्रश्न उरत नाही.

आता दुपारचं. इथला दिवस दोन तुकड्यांत जगायचा. पहाटे पाच ते दहा आणि संध्याकाळी सहा ते रात्री अकरा. मधला भाग घरात, कूलरसमोर. कूलरमध्ये बादलीने पाणी ओतायची पाळी मुलांवर लावा. पंधरा दिवसांत त्यावरून जी भांडणं होतील त्यांत निम्मा वेळ जातो. बाहेर जाताना डोक्याला बागायती रुमाल हवाच, पुण्याची टोपी चालत नाही.

हा नियम मोडला की काय होतं तेही सांगतो. धाकट्या बहिणीचा मुलगा आमचा डोळा चुकवून अकरा वाजता क्रिकेट खेळायला गेला. दोनला आला तो तोंड लाल, ओकारी, अंग तव्यासारखं. आईने कांदा किसून तळपायाला चोळला. मी ओली चादर गुंडाळून त्याला गाडीत घातलं आणि डॉक्टरकडे नेलं, तिथे सलाईन लागलं. संध्याकाळी पोरगं उठून बसलं. आई आजही कांद्याचंच नाव घेते. तुम्ही मात्र ओकारी आणि भडकलेलं अंग दिसलं की कांदा शोधत बसू नका, सरळ गाडी काढा.

मोठी सहल एकच केली, तोरणमाळची. पहाटे चारला भाड्याची क्रूझर, दोंडाईचा, सारंगखेड्याला तापीचा पूल, शहादा, मग सातपुड्याचा घाट. साडेतीन हजार फुटांहून जास्त उंची, त्यामुळे रात्री चादर लागली. मे महिन्यात कूलर नसताना चादर, यावर दाजी दोन दिवस बोलत होते. यशवंत तलाव छान. सीताखाईचा धबधबा मात्र मे महिन्यात नुसता कोरडा कडा असतो, मुलांना आधीच सांगा, नाहीतर तोंडं पडतात. आईला आम्ही बजावून नेलं होतं की दोन दिवस चुलीकडे बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हॉटेलवाल्याच्या स्वयंपाकघरात सापडली, त्याला चहात आलं कधी घालायचं ते सांगत होती.

परत आल्यावर अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा. वैशाख शुद्ध एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी, आणि बोरी नदीच्या कोरड्या पात्रात पाळणे, दुकानं, धूळ. रात्री जा. तुमचं येणं आखाजीचं असेल तर रथ त्याच पंधरवड्यात येतो, आखाजी तृतीयेची आणि रथ एकादशीचा. मधे १३ मेला लोकसभेचं मतदान झालं, माझ्या चुलतभावाचं पहिलंच. शाईचं बोट त्याने आठवडाभर असं जपलं की जेवताना डाव्या हाताने वाटी धरायचीही बंद केली होती.

पण मुलांना आठवतात त्या दोन गोष्टी या सगळ्यांतल्या नाहीत. विहीर आणि सावली.

माझ्या मामांचं शेत तापीकाठी आहे. केळीच्या बागेत चिरेबंदी विहीर, मे महिन्यातही दोन पुरुष पाणी. भाची ठाण्याला सोसायटीच्या तलावात चार फूट पाण्यात पोहणारी. तिथे तळ दिसतो, पाय टेकतात. विहिरीत तळच दिसत नाही, हे तिच्या डोक्यातून जाईना. पहिल्या दिवशी ती शेवटच्या पायरीवर पाय बुडवून अर्धा तास बसली आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी पाठीला पाच लिटरच्या तेलाच्या दोन रिकाम्या कॅन बांधल्या, पूर्वी आम्हाला सुके भोपळे बांधायचे तसं. कमरेला दोर, दोराचं टोक मामांच्या हातात, मी पाण्यात. ती उतरली ती माझ्या गळ्याला मिठी मारून. मी बुडता बुडता राहिलो. मग मामांनी वरून सांगितलं, "त्याले सोड, डब्यास्ले धर." कॅन धरायच्या तर हात मागे जातात, हात मागे गेले की छाती वर येते आणि माणूस आपोआप तरंगतो. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे कुणी विहिरीत उतरणार असेल तर आधी मोटर बंद करून स्टार्टरचा फ्यूज काढायचा आणि तो खिशात ठेवायचा. नुसतं बटण बंद पुरत नाही, कुणीतरी शेजारचा येऊन मोटर चालू करतो. शिवाय पोहणारं एक मोठं माणूस पाण्यातच हवं, काठावर बसलेलं नव्हे.

आठ दिवसांत एक कॅन निघाली. दुसरी काढायला ती तयार होईना.

आता सावलीचं. माझे वडील, आप्पा, हायस्कुलात गणित शिकवायचे आणि ३१ मेला निवृत्त होणार होते. ३१ मे म्हणजे शाळेला सुट्टी. निरोपसमारंभ एप्रिलमध्येच उरकलेला, नारळ-शाल मिळालेली, आणि पगार मात्र अजून महिनाभर चालू. त्या महिन्यात त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कूलरची जाळी तीनदा धुतली त्यांनी.

२५ मेला सकाळी त्यांनी जाहीर केलं की आज दुपारी बाराला सगळ्यांनी अंगणात यायचं. आई म्हणाली, "उन्हात? तुम्हीच तर नियम केलाय." आप्पांनी ऐकलं नाही. प्लंबरकडून उरलेला पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा त्यांनी ओट्याच्या फरशीवर ओळंबा लावून उभा केला. बारा वाजता पाइपच्या बुडाशी पश्चिमेच्या अंगाला बोटभर सावली होती. दहा मिनिटांनी नखाएवढी. मुलं रुमाल बांधून गोल बसली, अनवाणी एकही नाही, फरशीवर पापड भाजला असता. बारा पंचवीस झाले आणि पाइपभोवती काहीच उरलं नाही. वरून आत बघितलं तर तळाची फरशी पूर्ण गोल उजळलेली, जणू कुणी आत टॉर्च सोडला आहे. धाकटा भाचा उठून स्वतःभोवती फिरला आणि ओरडला, "सावली कथी गई?" त्याला अहिराणी येते हे आम्हाला तेव्हा कळलं. गल्लीतल्या पोरांनी पंधरा दिवसांत शिकवली होती.

आप्पांनी मग तास घेतला. सूर्य मकरवृत्त ते कर्कवृत्त असा फिरताना दिसतो, त्यामुळे मधल्या प्रत्येक गावाच्या बरोब्बर डोक्यावरून तो वर्षात दोनदा जातो. आपण २१ अक्षांशावर, म्हणून आपला दिवस २५ मेच्या सुमारास. दुसरा जुलैत येतो, पण तेव्हा ढग. ठाण्याचा १६ मेच्या आसपास होऊन गेलेला असतो. (तुमचा पुण्याचा १३-१४ मेला. मुलांना आधी घरच्या गॅलरीत दाखवलात आणि मग इथे, तर अकरा-बारा दिवसांत सूर्य किती उत्तरेला सरकला ते त्यांना न सांगता कळेल.) मग एरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगितली. दोन हजार वर्षांपेक्षा जुनी, इजिप्तमधली. दक्षिणेकडच्या एका गावी ठरावीक दिवशी सूर्य थेट विहिरीच्या तळापर्यंत पोहोचतो, त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात मात्र काठीची सावली पडते, आणि त्या फरकावरून या गृहस्थाने पृथ्वीचा घेर मोजला.

विहीर म्हटल्यावर भाचीने मान वर केली. "मग मामाआजोबांच्या विहिरीत आत्ता तळापर्यंत ऊन गेलं असेल?"

आप्पा म्हणाले, "उद्या बघू."

तर दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही सगळे विहिरीवर. एका दिवसाने फारसा फरक पडत नाही. एरवी विहिरीचा अर्धा भाग कायम काळा असतो. त्या वेळी भिंतीची सावली कुठेच नव्हती. पाणी वरपासून हिरवं, पायऱ्यांचे बुडालेले दगड एकेक मोजता येत होते, आणि खोल खाली पाण्यात पडलेली जुनी बादली दिसली. भाची काठावरून वाकून बघत होती. मग तिने पाठीची कॅन सोडली, माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, आधी तू उतर," आणि मी पाण्यात पोहोचल्यावर तिसऱ्या पायरीवरून तिने उडी मारली. दोर कमरेला होताच. वर आली तेव्हा खोकत होती आणि हसत होती. समोरच्या भिंतीपर्यंत चार हात मारून परत आली. मामांनी वरून फक्त एवढंच म्हटलं, "आते केळा खा."

२७ मेला मोठ्या भाच्याचा दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले होते, गणितात अपेक्षेपेक्षा कमी, आणि त्यावर आप्पा काही बोलले नाहीत हीच बातमी झाली.

३१ तारखेला ते नेहमीच्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले. शाळेत शिपाई आणि क्लार्क दोघंच. एक सही केली, कपाटाची किल्ली दिली, अकराला घरी. मुलं ओट्यावर होती. धाकट्याने तो पाइप पुन्हा उभा केला होता, ओळंब्याशिवाय, तिरका. सावली कुठल्या बाजूला पडते यावर त्यांची भांडणं चालली होती. आप्पांनी चपला तिथेच काढल्या आणि पाइप सरळ करायला बसले. आईने आतून हाक मारली, "ऊन आहे हो." कुणी उठलं नाही.

तुमचं विचाराल तर पंधरा दिवस पूर्ण ठेवा. तिकीट आखाजीच्या आदल्या दिवसाचं काढा, घागर बघायला मिळेल. अक्षय्य तृतीयेची तारीख दरवर्षी सरकते, कॅलेंडर बघून घ्या, उशिरा आली तर २५ मेही त्यातच बसेल. मुलांना सुती फुल बाह्यांचे कपडे, स्वतःला सैल पँट. तेलाच्या रिकाम्या कॅन पुण्याहून आणू नका, सासुरवाडीत प्रत्येक बाथरूममध्ये दोन असतात.