रत्नागिरीत आमचं आंबा पेट्यांचं ऑफिस आहे, विंडोज सर्व्हर आहे. सर्व्हरवरची एक्सेल फाइल ‘दुसऱ्याने उघडली आहे’ म्हणते, पण तो माणूस तर कधीच घरी गेलाय. काय करावं?

तुमचं रत्नागिरीचं आंबा पेट्यांचं ऑफिस आणि विंडोज सर्व्हर, त्यामुळे पहिला संशय विजेवर. पीसीची लाइट गेली आणि सर्व्हर यूपीएसवर चालू राहिला, तर सर्व्हरच्या लेखी फाइल काही काळ उघडीच असते.

एक्सेल दाखवतं त्या नावावर भरवसा ठेवू नका. ते त्या पीसीवरच्या ऑफिसमध्ये भरलेलं नाव असतं, आणि सगळे पीसी एकाच दुकानदाराने लावून दिले असतील तर सगळीकडे त्याचंच नाव असायचं! खरं उत्तर सर्व्हरवर मिळतं. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. तिथे फाइलसमोर लॉगिनचं नाव दिसेल. पण सगळे एकाच लॉगिनने बसत असतील तर तेही फुकट. मग शेजारच्या सेशन्समध्ये कुठला पीसी ते बघा.

आता आधी त्या पीसीवर बसणाऱ्याला फोन करा. त्याने पीसी नुसता स्लीपवर टाकला असेल, तर न सेव्ह केलेलं काम तिथेच पडलेलं असेल. खात्री झाली की ओपन फाइल्समध्ये त्या ओळीवर राइट-क्लिक करून ‘क्लोज ओपन फाइल’.

वर्डची फाइल एवढ्यानेही सुटली नाही, तर त्याच फोल्डरमध्ये ~$ ने सुरू होणारी लपवलेली फाइल शोधा. मूळ फाइल कुणाकडेच उघडी नसेल तरच ती डिलीट करा.

सर्व्हर रीस्टार्ट करू नका, बाकीच्यांची बिलं अर्धवट राहतील.