कीबोर्ड, पेन, कव्हर सोबत मिळणारा दहा-बारा हजारांचा टॅबलेट कॉलेजसाठी घ्यावा का?

लेक्चर बघायला आणि पीडीएफ वाचायला हवा असेल तर चालेल. हाताने नोट्स काढायच्या असतील तर नको.

'फुकट' वस्तूंची किंमत टॅबलेटमधूनच वसूल होते. खोक्यावर मोठ्या अक्षरात १६ जीबी रॅम, आणि खाली बारीक टायपात ४ + १२. यातली खरी रॅम ४ जीबीच. बाकीचे १२ म्हणजे स्टोरेजचा तुकडा रॅम म्हणून वापरलेला, आणि तो फारच संथ. ब्राउझरमध्ये चार टॅब आणि झूम एकत्र उघडलं की कळतंच.

पेनाचं टोक बघा. रबरी किंवा पारदर्शक चकतीवालं असेल तर स्क्रीनच्या लेखी ते तुमचं बोटच. दाब कळत नाही, आणि तळहात टेकला की वहीभर रेघोट्या! कीबोर्ड मात्र बरा असतो, असाइनमेंट टाइप करण्यापुरता. कव्हर तर खरंच कामाचं, कारण अनोळखी मॉडेलचं मापात बसणारं कव्हर नंतर बाजारात शोधून सापडत नाही.

अजून एक: वाइडवाइन (व्हिडिओची कॉपी रोखणारी यंत्रणा) एल१ म्हणजे वरच्या पातळीचं आहे का विचारा. एल३, म्हणजे सगळ्यात खालची पातळी असेल तर स्क्रीन कितीही भारी असो, नेटफ्लिक्स ४८०पी वरच अडकतं.

मी असतो तर त्याच पैशात नावाजलेल्या कंपनीचा नुसता टॅबलेट घेतला असता, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार ते बघून. ब्लूटूथ कीबोर्ड काय, पुढच्या महिन्यातही घेता येतो.